अतिगोपनीय पदाचा फ्लेक्स

मी मुळातच कमी बोलणारा माणूस आहे. हे मी आमच्या सोसायटीत, कुरकुंभला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये आणि दाढी करताना सलूनवाल्याला अनेकदा सांगितलेलं आहे. त्यामुळे "पप्पा, पडताळणी होईपर्यंत कुणाला एक शब्द बोलू नका हं," असं सायलीनं फोनवर बजावलं, तेव्हा मला ते जरा लागलंच. एका केमिकल कंपनीच्या स्टोअरच्या किल्ल्या ज्याच्या कमरेला असतात, त्याला त्याच्याच मुलीनं असं सांगावं? पण मी मनावर घेतलं नाही. मोठ्या मनानं "बरं" म्हणालो, फोन ठेवला आणि सगळं सौ.च्या कानावर घातलं. सौ. काही "कुणी"मध्ये येत नाही.

गोष्ट अशी होती. सायली आमची एकुलती एक. पुण्यात एका संगणकाच्या कंपनीत होती. तिला दुसरीकडे चांगली नोकरी लागली. ही दुसरी कंपनी सरकारच्या कुठल्याशा खात्याची संगणक यंत्रणा सांभाळते. खातं कोणतं, ते सायलीनं सांगितलं नाही. पदाचं नाव साइट रिलायबिलिटी इंजिनिअर. म्हणजे मोठमोठ्या यंत्रणा बंद पडू नयेत म्हणून डोळ्यांत तेल घालून बसायचं आणि पडल्याच तर ताबडतोब उभ्या करायच्या. अट एकच होती. सरकारी सुरक्षा पडताळणी पार पडली पाहिजे. मुलगी कोण, घरचे कोण, गावाकडे नाव कसं आहे, याची चौकशी होणार आणि तिथून होकार आला तरच रुजू व्हायचं. इकडे सायलीनं जुन्या नोकरीचा राजीनामा देऊन टाकलेला. पडताळणी अडली असती तर पोरगी ना इकडची ना तिकडची, घरी बसली असती. तेव्हा मामला गंभीर होता, आणि गंभीर मामला हाताळू शकेल असा माणूस घरात मी एकटाच होतो.

शेजारच्या महेंद्र दोरग्यांना मी आपण होऊन काही सांगितलं नाही, हे इथं नमूद केलं पाहिजे. त्यांनीच जिन्यात विचारलं, "काय शेलार, आज लई खुशीत?" खुशीतल्या माणसाला कारण विचारल्यावर त्यानं खोटं बोलावं, हे मला पटत नाही. मी फक्त पदाचं नाव सांगितलं. खात्याचं नाव प्राण गेला तरी सांगितलं नसतं, कारण ते मला माहीतच नव्हतं. दोरगे आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांनी त्या लांबलचक नावातला "साइट" आणि "इंजिनिअर" एवढाच भाग उचलला.

"मग साइट कुठं चालू हाय तिची?"

"तसली साइट नाही हो. संगणकाची असते."

"आसंल की. पर स्लॅबचं कळतच आसंल ना? आपली वरची टाकी गळतीय. रविवारी आली की जरा बघायला सांगा."

रविवारी सायली आली. तिनं चप्पल काढायच्या आत दोरगे तिला गच्चीवर घेऊन गेले. तिनं टाकीकडे पाहिलं, तड्याकडे पाहिलं आणि "काका, प्लंबरला बोलवा," असा सल्ला दिला. पोरगी हुशार आहे, उगाच अंगावर काम ओढून घेत नाही, असं दोरग्यांचं मत झालं. खाली आल्यावर सायलीनं माझ्याकडे नुसतं बघितलं. त्या बघण्याचा अर्थ मी विचारला नाही. मी कमी बोलणारा माणूस आहे.

पडताळणीला पहिली ठेच लागली ती माझ्या नावाची. माझं नाव बाळासाहेब. आमच्याकडे हे नाव ठेवताना लोक सढळ हातानं ठेवतात आणि लिहिताना हात आखडता घेतात. "साहेब"चं "सो" करायचं, ही रीत शिरूर-दौंडकडच्या प्रत्येक गुरुजीला, तलाठ्याला आणि लग्नपत्रिका छापणाऱ्याला पाठ आहे. त्यानुसार आधारकार्डावर मी बाळासो. रेशनकार्डावर एका उदार माणसानं पूर्ण बाळासाहेब लिहिलं. सातबाऱ्यावर वडिलांनी घाईत सांगितल्यामुळे नुसताच बाळू. सायलीच्या कागदांवर त्या त्या वेळी यांच्यापैकी जो हाताशी लागला, तो बाप म्हणून लिहिला गेला. आता पडताळणीचं काम ज्या खासगी एजन्सीकडे होतं, तिच्या संगणकाला "सो" म्हणजे काय ते कळेना. त्यानं कळवलं की उमेदवाराच्या वडिलांच्या जागी तीन वेगवेगळ्या व्यक्ती दिसत आहेत, तरी खुलासा करावा.

पन्नाशी उलटल्यावर माणसाला काय काय सिद्ध करावं लागेल याचा नेम नाही, पण "मी एकच आहे" हे सिद्ध करावं लागेल असं मला कधी वाटलं नव्हतं. सौ. म्हणाली, "अहो, तीन आहेत तर एकाला तरी दळण आणायला पाठवा." घरातल्या माणसांना प्रसंगाचं गांभीर्य नसतं.

दोरग्यांनी तोडगा काढला. "प्रतिज्ञापत्र करा आन् त्यात उर्फ टाका. उर्फ टाकलं की इषय संपला." वकिलांनी टाकलं. "मी, बाळासो उर्फ बाळासाहेब उर्फ बाळू ज्ञानदेव शेलार, सत्य प्रतिज्ञेवर सांगतो की..." आता लग्नपत्रिकेत उर्फ शोभून दिसतं. नवरदेवाच्या नावापुढे "उर्फ पिंटू" वाचून कुणाच्या भुवया वर जात नाहीत. पण कोर्टाच्या आवारात, काळ्या कोटांच्या गर्दीत उभं राहून स्वतःच्या नावातले दोन-दोन उर्फ मोठ्यानं वाचायला लागले, की आपण रात्रीत काहीतरी करून बसलोय की काय, अशी शंका आपली आपल्यालाच यायला लागते. सही करण्याआधी मी मागं वळून ओळखीचं कुणी बघत नाही ना, ते पाहिलं. वकील म्हणाले, होतं असं पहिल्या वेळी.

एवढ्यावर भागलं असतं. पण आमचं राहणं दौंडला आणि मूळ गाव मांडवगण फराटा. गाव शिरूर तालुक्यात, मध्ये भीमा. चौकशी दोन्हीकडे होणार होती आणि त्यासाठी गावचा रहिवासी दाखला हवा होता. मी सुट्टी टाकून गावी गेलो. ग्रामसेवक जेवायला गेलेले. तेवढ्यात चुलतभाऊ हौसराव भेटला आणि मला चहाला घेऊन गेला.

हौसराव पंचायतीला उभा राहायच्या तयारीत आहे. म्हणजे मी लहानपणापासून पाहतोय, तो तयारीतच आहे. कुणाच्या घरी बारसं असो, कुणाची बदली होवो की कुणाची म्हैस प्रदर्शनात पहिली येवो, हौसरावाचा शुभेच्छांचा फ्लेक्स चौकात लागतोच. "दाखला कशाला रं काढतोस?" त्यानं विचारलं. सख्ख्या चुलतभावापासून काय लपवायचं? मी सांगितलं. पण खबरदारी म्हणून आवाज खाली घेऊन हेही सांगितलं, "हे गोपनीय आहे हं. अतिगोपनीय समज." हा शब्द मी त्याला गप्प करण्यासाठी वापरला होता. हौसरावाला वाटलं, ते पदाचं नाव आहे.

त्याच आठवड्यात सायलीचा फोन आला. आवाज एकदम शांत. मुलीचा आवाज असा शांत झाला की मला घाम फुटतो.

"पप्पा, गावच्या चौकात माझा फोटो का लागलाय?"

तिला कुठल्याशा ग्रुपवर फ्लेक्सचा फोटो आला होता. तिनं तो मला पाठवला. मजकूर असा: "गावाची कन्या, शेलार घराण्याची शान! कु. सायली बाळासाहेब शेलार हिची केंद्र सरकारच्या अतिगोपनीय साइटवर इंजिनिअरपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!" त्यातला "अतिगोपनीय" हा शब्द सगळ्यांत मोठा, लाल अक्षरात आणि पिवळ्या किनारीत होता. सायलीचा कॉलेजातला फोटो. बाजूला मी, कुणाच्या तरी लग्नातला, काळा गॉगल लावून हात जोडलेला. आणि आम्हा दोघांपेक्षा मोठा हौसराव, कानाला मोबाईल लावून.

"साहेब मात्र पूर्ण लिहिलंय बघ," मी म्हणालो.

ती म्हणाली, "पप्पा, हे त्यांच्यापर्यंत गेलं तर माझी नोकरी गेली. आजच्या आज काढा."

मी तसाच बाईकवरून गावी गेलो. हौसराव ऐकेना. "लावलेला फ्लेक्स काढत नसत्यात, बाळूदादा. गाव काय म्हनंल? निवड रद्द झाली म्हनंल. आन् माझं काय? हौसरावनं फ्लेक्स लावला आन् हौसरावनंच काढला, आसं झालं तर मतं कोन दील मला?" शेवटी वाटाघाटी होऊन असं ठरलं की फ्लेक्स राहू द्यायचा, फक्त "अतिगोपनीय" शब्दावर पांढरा कागद चिकटवायचा. कागद मीच चिकटवला. शिडी सावळाराम न्हाव्याची.

आता आमच्याकडे फ्लेक्सवरचा मजकूर कुणी वाचत नाही. फोटो कुणाचा मोठा आहे तेवढं बघतात आणि पुढे जातात. पण पांढरा कागद चिकटवल्याबरोबर सगळं गाव तिथं थांबून वाचायला लागलं. कुणी म्हणालं, खाली पुढाऱ्याचं नाव होतं, पक्ष बदलला म्हणून झाकलं. कुणी म्हणालं, मुलीचं लग्न ठरलंय, आडनाव बदलणार आहे. विरोधी पार्टीची माणसं येऊन फोटो काढून गेली. संध्याकाळपर्यंत कुणीतरी ओल्या बोटानं कागदाचा कोपरा उचलला आणि ज्यांना तो शब्द माहीत नव्हता त्यांनाही तो पाठ झाला. तेव्हा कुठं हौसराव वैतागला आणि फ्लेक्स उतरवला. "गेला बघ फ्लेक्स, आता गप झोप," असा त्याचा फोन आला. कुठं गेला, हे मी विचारायला हवं होतं.

पण झाल्या चुकीतून धडा घेणारा मी माणूस आहे. मी पुन्हा गावी गेलो आणि घरोघर जाऊन हात जोडून सांगितलं, कुणी परका माणूस माझी नाहीतर सायलीची चौकशी करत आला, तर आपल्याला काही माहीत नाही म्हणायचं. एवढ्या लोकांनी माझं एवढं मनापासून ऐकल्याचं मला दुसरं उदाहरण आठवत नाही.

चौकशीला आले ते मच्छिंद्र वाबळे. निवृत्त हवालदार, आता त्या एजन्सीसाठी काम करणारे. पुढचं मला त्यांच्याच तोंडून कळलं. ते आधी मांडवगणला गेले आणि चौकातल्या चहावाल्याला विचारलं, "बाळासाहेब शेलार कुठं राहत्यात?" चहावाला म्हणाला, "कोन शेलार?" आमच्या आळीत निम्मी घरं शेलारांची आहेत. किराणा दुकानदार म्हणाला, "आमी नवीनच आलोय इकडं." त्याच्या दुकानाच्या पाटीवर आजोबांचं नाव आहे. शेजारच्या इनामगावात उत्खनन झालं तेव्हा तीन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांची घरं, चुली, मडकी सगळं सापडलं. मी मात्र हयात असून माझ्याच गावात सापडेना.

शेवटी वाबळे आमच्या वस्तीवर पोचले. तिथं कांद्याच्या ढिगापाशी माझी चुलती साखरबाई बसली होती.

"आजी, बाळासाहेब शेलार ठावं हाईत का?"

"न्हाई बा. आमच्यात कोन साहेब न्हाई."

"बाळासो?"

"त्यो बी न्हाई."

"मग बाळू?"

इथं चुलती अडली. बाळू तिच्या अंगाखांद्यावर वाढलेला. त्याला सरळ नाही म्हणायला तिची जीभ रेटेना.

"बाळू व्हता," ती म्हणाली. "पर आता न्हाई. आन् त्याच्या पोरीचं तर मला कायबी ठावं न्हाई. कुनी इचारलं तर सांगायचं न्हाई म्हनून बाळूच बजावून गेलाय."

वाबळ्यांनी मान डोलावली आणि सहज कांद्यांकडे पाहिलं. ढिगावर पावसापासून आडोसा म्हणून फ्लेक्स पसरलेला होता. त्यावर सायली होती, हौसराव होता, कागद गळून उघडं पडलेलं लाल अक्षरातलं "अतिगोपनीय" होतं आणि एका कोपऱ्यात गॉगल लावून उलटा मी होतो. वारा आला की मी हात जोडल्या जोडल्या वर उठत होतो. वाबळ्यांनी फोटो काढला. चुलतीनं फोटोसाठी पदर सारखा केला.

त्यानंतरच्या रविवारी ते दौंडला आमच्या घरी आले. सायली घरीच होती. वाबळे खुर्चीत बसले, चष्मा लावला आणि माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"गावात तुमी न्हाई म्हनत्यात," ते म्हणाले. "मेला का गेला ते बी कळंना. आन् कांद्यावर मात्र हाय तुमी."

"त्याचं असं आहे..."

"आन् तीन नावं तुमची. साहेब, तीन-तीन नावांची मानसं मी नोकरीत आसताना येगळ्या कामासाठी हुडकायचो."

मी खुलासा करायला सुरुवात केली. माझ्या जन्मापासून करावी लागली, कारण नाव तिथंच पडलं. मग शाळा, गुरुजींचा स्वभाव, त्या काळी शाईची टंचाई. मी तिसरीत पोचलो तेव्हा सायली चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली.

"पप्पा, तुम्ही थांबा जरा," ती म्हणाली. मग वाबळ्यांकडे वळली. "काका, आमच्या कामात एक पद्धत आहे. यंत्रणा बंद पडली की ती कुणी पाडली असं विचारत नाहीत. काय झालं, कशामुळे झालं आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार, एवढंच सांगतात. तसं सांगू?"

वाबळ्यांनी पेन काढलं. "सांगा."

तिनं पहिल्यापासून सांगितलं. तिचा फोन, मी सौ.ला सांगितलं ते, दोरगे, टाकी, हौसराव, फ्लेक्स, पांढरा कागद, मी घरोघर जोडलेले हात. एक गोष्ट झाकली नाही आणि एका शब्दानं कुणाला नावं ठेवली नाहीत. ती चिडली असती, रडली असती, "पप्पांनी सगळं घालवलं" म्हणाली असती, तर मी उलटून बोललो असतो. तेवढी माझी तयारी होती. पण आपलाच गाढवपणा कुणी एवढ्या निवांत आवाजात, ओळीनं सांगायला लागलं की ऐकून घेण्याशिवाय काही हातात राहत नाही. मला खरंच लाज वाटली. स्वयंपाकघराच्या दारात सौ. उभी होती, तीही माझ्याकडे बघेना.

वाबळे लिहीत होते. लिहिता लिहिता थांबले. "हे समदं झालं. पर मूळ कारन काय म्हनून लिहू?"

सायलीनं माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे.

"वडिलांना आनंद झाला," ती म्हणाली.

मी चहाचा कप उचलला आणि न पिताच खाली ठेवला. वाबळ्यांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला.

"आन् पुन्हा होऊ नये म्हनून?"

"यापुढे कामाबद्दल त्यांना काहीही सांगणार नाही," सायली म्हणाली. त्याच आवाजात.

वाबळ्यांनी तेही लिहून घेतलं. निघताना ते दारात चपला घालायला वाकले आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "माझी पोरगी नर्सिंगला लागली तवा मी बी फ्लेक्स लावला व्हता. दोन लावले व्हते." मग मोठ्यानं "येतो ताई" म्हणून निघून गेले.

पडताळणी पार पडली. सायली रुजू झाली. कुठं, ते मला माहीत नाही. काय करते, तेही माहीत नाही. कंपनीच्या बसमध्ये लोक विचारतात, मी "माहीत नाही" म्हणतो, आणि खरं बोलत असूनही कुणाचा विश्वास बसत नाही. दोरग्यांना वाटतं, नोकरी गेली असावी. ते मला जिन्यात गाठून धीर देतात, पोरगी शिकलेली आहे, मिळंल दुसरी. हौसराव तर भेटायला आला आणि खांद्यावर हात ठेवून नुसताच बसून राहिला. सुरुवातीला मला फार जड गेलं. तोंडापर्यंत शब्द यायचे आणि सांगायला आत काहीच नसायचं.

परवा संध्याकाळी तिचा फोन आला. आवाज दमलेला होता, पण आतून हसणारा. लहानपणी शर्यतीत पहिली आली की असा यायचा.

"पप्पा, आज लई मोठं काम होतं. सगळं नीट पार पडलं. माझ्यावर सोपवलं होतं."

कसलं काम, हे माझ्या जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं.

"मग," मी विचारलं, "मी आनंदी व्हायला हरकत नाही ना?"

"व्हा की पप्पा," ती म्हणाली. "पण घरातल्या घरात."

मी उठलो, दाराला आतून कडी लावली, आणि झालो.